शुक्रवारची हळद

आमच्या घरात शांतता फक्त शुक्रवारी यायची आणि मला ती कधीच आवडली नाही. बाकीचे सहा दिवस खाली गाळ्यात लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालायचे, दिवसपाळीला आणि रातपाळीला, आणि वर आम्ही राहायचो. नवा पाहुणा आला की पहिली दहा मिनिटं कपाळाला आठ्या घालून बसायचा. आम्ही मात्र त्या खटाखटीतच जेवायचो, भांडायचो, अभ्यास करायचो. आमच्या घरातली सगळी माणसं मोठ्यानं बोलतात. लोकांना वाटतं, ही माणसं तापट आहेत. तापट आहोतच, पण आवाज मोठा आहे तो लूममुळे. आई पोळपाटावर तांदळाची भाकरी थापायची तेव्हा तिच्या हाताचा आवाज ऐकू यायचा नाही, नुसता हात दिसायचा. शुक्रवारी लूमना सुटी. त्या दिवशी पहिल्यांदा थापण्याचा आवाज यायचा, आणि कढईत सुकट परतल्याचा, आणि रस्त्यावरून कल्याणकडे जाणाऱ्या ट्रकचा. बाबा दुपारी तोंडावर टॉवेल टाकून अंगणातल्या बाजेवर आडवे व्हायचे आणि सांगून ठेवायचे, "आज कुनी आवाज करू नका. आटवड्यातून यक दिस कानाला सुटी हाय."

बाबा तरुणपणी दुसऱ्याच्या गाळ्यात शिफ्ट मारायचे. पुढे आमच्या कोन गावातली रस्त्याकडची भाताची जमीन विकली आणि उरलेल्या तुकड्यावर स्वतःचा गाळा बांधला. तो एका शेठला चालवायला दिला होता, पण बाबांचा जीव लूममधून कधी सुटला नाही. अंगणात चहा पिता पिता मध्येच बशी खाली ठेवायचे आणि खिडकीतून आत ओरडायचे, "अरे, तीन नंबर देख! ठोका लंगड़ा रहा है." आत जाऊन बघावं तर खरोखर कुठलातरी पट्टा सैल झालेला असायचा. चोवीस लूमच्या गदारोळातून त्यांना एकाचं लंगडणं कळायचं. माझं लंगडणं त्यांना कळायला मात्र वेळ लागला, ते पुढे येईलच.

माझी खोली कोपऱ्यावरची. तिच्या बरोबर खाली, भिंतीला अगदी लागून, एक जुना लूम होता. बाकीच्या तेवीसांचा आवाज एकमेकांत कालवलेला असायचा. हा एकटा भिंतीतून सरळ वर यायचा. पलंगाच्या पायातून यायचा, फळीवरच्या स्टीलच्या पेल्यातून यायचा. मी लहानपणापासून त्याच्यावर झोपले आणि त्याच्यावर पाढे पाठ केले. त्याची चाल नाचाच्या गाण्याच्या चालीच्या जवळपासची होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नाही.

धामणकर नाक्यावर रिक्षास्टँडच्या मागे यासीनभाईंचं दुकान होतं. ते अँप्लिफायर दुरुस्त करायचे आणि लग्नांना साउंड भाड्यानं द्यायचे. आमचा टेपरेकॉर्डर बिघडला म्हणून मी कॉलेजमधून परत येताना तो घेऊन त्यांच्याकडे गेले, आणि तिथून पुढे माझं जे व्हायचं ते झालं. यासीनभाई दोन कॅसेट डेक शेजारी ठेवून काहीतरी करत होते. एक गाणं संपत आलं होतं आणि त्याच्याच पोटातून दुसरं सुरू होत होतं. कुठे जोड दिला ते कळेना. मी विचारलं, हे कसं केलं? त्यांनी डेक उलटा करून दाखवला. कॅसेट फिरवणाऱ्या मोटरच्या मागे एक बारीक स्क्रू असतो, त्यानं वेग कमीजास्त होतो. त्यांनी त्या स्क्रूच्या जागी रेडिओचं बटण जोडलं होतं आणि ते डेकच्या पुढच्या बाजूला आणलं होतं. पुढचं गाणं मागच्या गाण्याच्या वेगावर आणायचं, दोघांचे ठोके एकावर एक बसवायचे, मग मागचं हळूहळू काढून घ्यायचं. नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये. एवढीच विद्या. बाकी सगळा सराव.

मी तीन-चार महिने त्यांच्या मागे लागले. घरी बसून कांड्या भरायचे, म्हणजे लूमच्या शटलमध्ये बसणाऱ्या सुताच्या कांड्या, आणि त्यातून जे मिळालं त्यात असेच दोन डेक करून घेतले. पुढे यासीनभाईंनी नवा माल आणला तेव्हा त्यांचा जुना, दोन सीडी एकदम लावता येणारा प्लेअर आणि छोटा मिक्सर माझ्याकडे आला. सीडीला वेगाची पट्टी आधीच असते, स्क्रू शोधावा लागत नाही. पण त्या डेकांनी माझी बोटं तयार केली. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळा, ताणली गेली की गाणं रडायला लागतं ते ओळखा. आज माझी भाची लॅपटॉपला चपटं यंत्र लावते, एक बटण दाबते आणि दोन गाणी आपोआप एका वेगावर येतात. मला म्हणते, "आत्या, तुम्ही उगाच एवढा त्रास काढलात." असेल. पण वीज दगा देते, बटण दगा देतं, हात सहसा देत नाहीत. तिला मी पहिला महिना ते बटण लावू देत नाही, म्हणून ती माझ्यावर चिडलेली असते.

घरी मी रोज दोन-दोन तास बसायचे. हेडफोन यासीनभाईंनी दिला होता, पण लूमच्या आवाजात त्यातलं काही ऐकू यायचं नाही म्हणून तो खिळ्याला टांगलेला असायचा. मी दोन्ही गाणी स्पीकरवरच लावायचे आणि बसवायचे. महिन्याभरात ती इतकी छान बसायला लागली की माझी मीच खूश. आई जिन्यातून म्हणायची, "ही पोर कांड्या भरते का गाणी भरते?" पण यासीनभाईंच्या दुकानात गेलं की माझं काहीतरी बिनसायचं. पहिला जोड बरा जायचा, दुसऱ्याला गाणी एकमेकांपासून सुटायची. मी रिक्षांच्या हॉर्नला दोष द्यायचे. एकदा त्यांनी मान वाकडी करून विचारलं, "बेटा, तू सुन किसको रही है?"

"गाने को, और किसको?"

"गाना तो मैं भी सुन रहा हूँ. तू कुछ और सुन रही है."

मला राग आला. दुकानातून पाय आपटत निघाले ते आठ दिवस गेले नाही. त्या वयात मला कुणी चूक दाखवली की आधी त्याचाच राग यायचा. अजूनही तसंच आहे, फक्त आठ दिवसांचे आता दोन झालेत.

त्याच वर्षी महेशदादाचं लग्न ठरलं. महेशदादा माझा चुलतभाऊ, पलीकडच्या खोल्यांत राहायचा, आणि माझी गाणी जिन्यात बसून ऐकणारा घरातला एकटा माणूस. आमच्या आगरी घरात लग्नाइतकाच मान हळदीला. दादानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "काका, माज्या हलदीला सुनीच वाजवंल. न्हायतर साउंडच नको."

बाबा जेवत होते. त्यांनी हात ताटातच ठेवला. "आमची पोर टेम्पोवर उभी ऱ्हाऊन गानी लावनार? पिऊन नाचनाऱ्या पोरांसमोर? लोकं काय बोलतीन?"

"जे बोलायचं ते बोलू दे," मी म्हटलं. "मला वाजवता येतं."

"घरात वाजवता येतं."

"तेच बाहेर वाजवणार. लूम चालवायला गेलात तेव्हा तुम्ही घरातच शिकला होतात का?"

आईनं माझ्याकडे डोळे वटारले. बाबांनी भाताचा एक घास घेतला. मग म्हणाले, "यक हलद. त्यात यक मानूस जरी तुला हसला ना, तं तो खोका बंद. कायमचा. परत हात लावायचा न्हाय. दे शब्द."

मी शब्द दिला. लगेच दिला, विचारही केला नाही. मला कोण हसणार? रोज दोन तास गाणी बसवत होते मी. हळदीचा वार कोणता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. शुक्रवार. त्यात काळजी करण्यासारखं मला काही दिसलं नाही.

आता आतेविषयी सांगायला हवं. बाबांची मोठी बहीण, खारबावला दिलेली. ती धवलारीण होती. आमच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. एकटीनं म्हणत नाहीत. आते ओळ म्हणायची आणि तिची जोडीदारीण ती उचलायची. लहानपणी मी तिच्या पाठीला टेकून बसायचे तेव्हा तिच्या पाठीतून मला तिचा श्वास कळायचा. ओळीचा शेवटचा सूर ती धरून ठेवायची, दुसरी त्यात शिरायची, मग आते सोडायची. तासन्‌तास चालायचं, पण गाण्यात फट कधी पडायची नाही. नंतर साउंडवाले आले. ते धवला संपायची वाटच बघायचे नाहीत. म्हातारी गाते आहे आणि हे खुशाल स्पीकरच्या बॉक्सचा आवाज चढवतात. एका लग्नात आते अर्ध्या ओळीवर थांबली आणि उठून आत गेली, ते मी पाहिलं होतं. तेव्हाच मी ठरवलं होतं की मी वाजवेन तेव्हा आतेची शेवटची ओळ पुरी होईपर्यंत आवाजाची पट्टी वर जाणार नाही.

हळदीच्या दिवशी गाळ्याचं शटर खाली होतं आणि त्याच्यासमोर मांडव. मागच्या चुलीवर मटण रटरटत होतं, काकू वडे तळत होती, हळदीचा आणि तेलाचा वास एकमेकांत मिसळला होता. उन्हं अजून भिंतीवर होती. मांडवाच्या तोंडाशी टेम्पो उभा, त्याच्यावर टेबल, टेबलावर माझा सीडी प्लेअर आणि मिक्सर, दोन्ही बाजूंना यासीनभाईंचे बॉक्स. जुम्म्याची नमाज उरकून ते आले होते आणि अँपजवळ स्टुलावर बसले होते. मी नवा पंजाबी ड्रेस घातला होता आणि ओढणी कमरेला गच्च बांधली होती. दादाला हळद लागली, आतेचा धवला झाला, शेवटची ओळ पुरी झाली. मग मी पट्टी वर केली.

पहिलं गाणं झकास गेलं. पोरं उड्या मारत आली, बायका आल्या, दादाला खांद्यावर घेतलं. दुसरं गाणं मी हळू आवाजात लावून ठेवलं आणि जोड द्यायला गेले. आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. नेहमी बोटांना आपोआप कळायचं, वेगाची पट्टी किती सरकवायची ते. आज कळेना. मी अंदाजानं सरकवली. दोन्ही गाणी एकमेकांच्या पायात पाय घालून धाडकन पडली. नाचणारे थांबले. वरच्या आळीतला कुणीतरी ओरडला, "अरे, लाइट गेली का डीजे गेली?" आणि अख्खा मांडव हसला. एक माणूस नाही, दोनशे माणसं. दादासुद्धा खांद्यावर बसल्या बसल्या हसला, ते मी त्याला आजवर माफ केलेलं नाही.

मी घाईघाईनं तिसरं लावलं. तेही सुटलं.  मी टेम्पोवरून समोर पाहिलं तर समोर गाळ्याची भिंत होती. माझ्या खोलीच्या खालची, कोपऱ्याची. ती गप्प होती. आणि तेव्हा मला कळलं.

मी कधीच दोन गाणी एकमेकांवर बसवली नव्हती. मी पहिलं गाणं त्या लूमवर बसवायचे, आणि दुसरंही त्या लूमवर बसवायचे, म्हणून ती एकमेकांवर बसायची. वीज गेली की लूम बंद, पण मग माझी यंत्रंही बंद. शुक्रवारी वीज असायची आणि लूम नसायचे, पण शुक्रवारी बाबांच्या कानाला सुटी. लूमशिवाय मी घरी एक मिनिटसुद्धा सराव केला नव्हता. यासीनभाई विचारत होते, तू कुणाला ऐकतेस. त्याचं उत्तर शटरच्या आड बंद पडून होतं.

बाबा टेम्पोजवळ आले. चेहरा लाल झाला होता. राग होता त्यात, पण माझी झालेली फजिती त्यांना जास्त लागली होती, हे आज कळतं. हळू आवाजात म्हणाले, "जालं ना? उतर आता."

"न्हाय," मी म्हटलं. घरात मी बाबांशी त्यांच्या बोलीत बोलायचे नाही, त्या दिवशी तोंडातून तेच आलं. "मी न्हाय उतरत."

"सुने, शब्द दिलेला हाय तू."

"दिलेला हाय."

त्यांनी अँपच्या वायरीकडे हात नेला. यासीनभाई स्टुलावरून उठले नाहीत, फक्त पाय थोडा पुढे केला आणि तो वायरीवर ठेवला. आजूबाजूला पाहुणे होते. बाबांचा हात तिथेच राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. खोलीतून निघताना खिळ्यावरून सहज उचललेला हेडफोन टेबलाखाली पडला होता, तो घेतला. एका कानाला लावला, दुसरा उघडा ठेवला, यासीनभाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसा. लूम नव्हते. पहिल्यांदा मला हेडफोनमधलं स्पष्ट ऐकू आलं. एका कानात पुढचं गाणं, एका कानात मांडव. दोघांची चाल वेगळी आहे हे इतकं साधं ऐकू येत होतं की मला माझाच संताप आला.

तरीही पुढचा जोड कच्चाच गेला. लंगडला, पण पडला नाही. तेवढ्यात टेम्पोच्या फाळक्यावर कुणीतरी थाप मारली. खाली आते उभी होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे.

"गो सुने," ती ओरडली, "तू मागचीला वल पुरी करूच देत न्हाय! कवडी घाई करतंस? तिची वल सरत आली का मंग शीर."

मागची म्हणजे मागचं गाणं, वल म्हणजे ओळ. आतेला माझ्या यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एकीनं सोडायचं आणि दुसरीनं धरायचं, हे तिनं जन्मभर केलं होतं. मी वाट बघितली. ओळ पुरी होऊ दिली. शेवटचा शब्द अजून हवेत होता तेव्हा पुढचं गाणं आत सोडलं, हेडफोनच्या कानानं चाल सावरत, आणि मागचं काढून घेतलं.

कुणाला काही कळलं नाही. तेच तर हवं होतं. पाय थांबले नाहीत. मी पुढचं लावलं, त्याच्या पुढचं लावलं. मगाशी ओरडलेला वरच्या आळीतला माणूस टॉवेल फिरवत सगळ्यांत पुढे नाचत होता. आते जोडीदारणीला घेऊन मांडवात शिरली आणि पदर खोचून नाचली. मांडवातले बल्ब लागले, जेवणाची पंगत बसली, उठली, तरी मी उभी होते. एका बाजूला बाबाही उभे होते, हाताची घडी घालून. ते नाचले नाहीत, जेवले नाहीत, घरातही गेले नाहीत.

सगळं आवरल्यावर मी वायरी गुंडाळत होते तेव्हा ते आले. "लोकं हसली," ते म्हणाले.

"हसली."

"तू शब्द दिल्ता."

"दिल्ता. मोडला." मी वायर गुंडाळत राहिले. "पुढच्या हळदीलाही मोडणार. तुम्हाला काय करायचं ते करा."

ते वळून घरात गेले. पुढचा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आईनं मला सुनावलं की बापाला दिलेला शब्द मोडणारी पोर तिनं कुठे पाहिली नाही. मीही पाहिली नव्हती. आज माझ्या उजव्या कानाला निम्मं ऐकू येतं, खालच्या गाळ्यात एका कुरियरवाल्याचं गोदाम आहे, आणि चोवीसच्या चोवीस लूम भंगारात गेले. माझ्या आयुष्यात मी बरेच शब्द दिले आणि बहुतेक पाळले. हा एक पाळला असता तर बाकीच्यांचं मोल मला कधी कळलं नसतं. त्याबद्दल मी कुणाची माफी मागितली नाही आणि आता या वयात मागणारही नाही.

त्या हळदीनंतरच्या शुक्रवारी दुपारी लूम बंद होते. बाबा अंगणात बाजेवर, तोंडावर टॉवेल. मी वर गेले, खिडकी सताड उघडली आणि सीडी प्लेअर लावला. भिंतीतून काहीच येत नव्हतं. खाली हालचाल झाली, बाज करकरली, मला वाटलं आता ते जिना चढून येतील. मी जोड द्यायला घेतला. 

"सुने!" खालून आवाज आला. टॉवेल अजून तोंडावरच असणार, कारण आवाज दबका येत होता. "दुसरं गानं लंगडतंय. मागं पडतंय ते."

पडत होतं खरं. मी ते सावरलं आणि आवाज थोडा वाढवला.